आधी स्क्रू, मग स्पीड

जुलैमधला रविवार. बाहेर बदलापूरचा पाऊस, म्हणजे छत्री उघडून काही फायदा नाही असा. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, लग्नाच्या मांडवात अंथरतात ते हिरवं कार्पेट पसरलेलं. त्यावर बागेला पाणी घालायच्या पाइपाचे तुकडे मांडून केलेला ट्रॅक. आणि दुसऱ्याच वळणावर माझ्या मामेभावाची रिमोटवाली गाडी चारही चाकं वर करून पडलेली. पाच मिनिटांत सहाव्यांदा.

तो काय म्हणाला माहितीये? "मोटर कमी पडतेय."

गाडी वेगात जाऊन उलटतेय आणि याला मोटर कमी पडतेय! मी खूप हसले. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. फोन स्लो झाला, नवा घ्या. फोटो चांगले येत नाहीत, महागडी लेन्स हवी (हे माझंच, मास कॉमच्या पहिल्या वर्षातलं). गेम हरलो, ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. हातात आहे ते नीट लावून बघायच्या आधीच आपल्याला पुढचं हवं असतं. म्हणून माझं म्हणणं सरळ सांगते. आरसी गाडीचा नाद लागला असेल तर जरूर घ्या, पण पहिलं वर्षभर मोटर बदलू नका. एलन कीचा सेट, स्टीलची पट्टी आणि एक वही घ्या. आणि जमलं तर गाडी रस्त्यावर नाही, कार्पेटवर चालवा.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रिमोटच्या गाड्या दोन जातीच्या. एक खेळण्याच्या दुकानातली. तिचं स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे, मधलं काही नाही. बिघडली की माळ्यावर. दुसरी 'हॉबी ग्रेड'. रिमोटचं चाक जितकं फिरवाल तितकीच ती वळते, आणि तिचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक दांडा सुटा विकत मिळतो. ही दुसरी जात काही कालची नाही. जपानच्या शिझुओकामधल्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ चं रिमोटवालं मॉडेल बाजारात आणलं. तेव्हापासून जगभरात लोक जेवणाच्या टेबलावर गाड्या खोलून बसलेत.

शर्यती बाहेर डांबरावर होतात, मातीवर होतात, आणि हॉलमध्ये कार्पेटवरही होतात. कार्पेटचा खेळ युरोपात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडे जास्त वाढला. कारण उघड आहे: हिवाळ्यात बाहेर बर्फ. मग लोकांनी मोठे हॉल शोधले आणि आखूड, घट्ट विणीचं कार्पेट टाकून ट्रॅक केले. त्यांचा हिवाळा तो आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बाहेर गाडी चालवणं म्हणजे डबक्यात इलेक्ट्रॉनिक्स बुडवणं. आपल्या भागातल्या मुलांना आरसी रेसिंग माहीत असतं ते पवईमुळे. आयआयटीच्या टेकफेस्टमधली 'फुल थ्रॉटल', इंधनावर चालणाऱ्या गाड्यांची, मातीच्या ट्रॅकवरची, आवाज आणि धूर करणारी. बघायला भारीच वाटतं. पण ते बघून घरी आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच शब्द राहतो, स्पीड. माझा मामेभाऊ त्यातलाच.

आता गाडी उलटत का होती? हे मला त्या दिवशी कळलं आणि इथेच मला या खेळाची खरी मजा सापडली.

गुळगुळीत फरशीवर आरसी गाडी चालवली तर ती घसरते, गोल फिरते. कार्पेटवर बरोबर उलटं होतं. टायर इतका घट्ट पकडतो की घसरायला तयारच नसतो. तुम्ही जोरात वळवलंत की खालचा टायर जागचा हलत नाही आणि वरचं वजन बाहेरच्या बाजूला झुकतं. घसरून तो जोर निघून गेला असता, पण घसरणंच बंद. मग गाडी आडवी होते. याला ट्रॅक्शन रोल म्हणतात. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा आठवा. उंच आणि अरुंद, वर पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. तिने वेगात वळण घेतलं की पोटात गोळा येतो ना? तेच गणित. पकड जितकी जास्त, वजन जितकं वर आणि चाकांमधलं अंतर जितकं कमी, तितकी उलटायची भीती जास्त.

म्हणजे मामेभावाच्या गाडीला पकड कमी नव्हती, जास्त होती. आणि त्याने आधीच किटमधली मोटर काढून ब्रशलेस मोटर टाकली होती. नवीन मोटरने तो प्रत्येक वळणावर अजून वेगात पोचत होता आणि अजून झकास उलटत होता.

त्या दिवशी हॉलमध्ये आणखी एक मुलगा आला होता, अंबरनाथहून. आयटीआयला फिटर ट्रेड करतो. गाडी तीच, तामियाची टीटी-०२, पण सेकंड हँड, बॉडीला दोन ठिकाणी टेप, मोटर किटमधलीच, चंदेरी डब्याची ५४०. मामेभाऊ इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल. ती गाडी बघून त्याने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी इथे लिहीत नाही. पाच मिनिटांची शर्यत लावली. मामेभावाचा एक लॅप सगळ्यात फास्ट होता, खरंच जबरदस्त. पण पाच मिनिटांनंतर त्याचे २२ लॅप झाले होते आणि आयटीआयवाल्याचे २७. तो एकदाही उलटला नाही. घाईतही दिसला नाही. कंटाळवाणं वाटावं इतकं सारखं, लॅपमागून लॅप.

मग तो उठला, मामेभावाच्या हातातला रिमोट घेतला आणि एक छोटं बटण थोडं फिरवलं. ड्युअल रेट. त्याने पुढची चाकं जास्तीत जास्त किती वळायची ते कमी होतं. खर्च शून्य रुपये. पुढच्या फेरीत गाडी सहाऐवजी दोनदाच उलटली.

त्यानंतर त्याने खिशातून फेविक्विक काढलं.

हे मला खोटं वाटलं होतं, पण कार्पेटवर रेसिंग करणारे लोक जगभर हेच करतात. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला सुपर ग्लूचा पातळ थर देतात. सुकला की ती कड कडक आणि गुळगुळीत होते. गाडी कलते तेव्हा टायरची कडच कार्पेटमध्ये रुतत असते. ती रुतायची थांबली की गाडी उलटायच्या ऐवजी थोडी सरकते. पाच-दहा रुपयांची ट्यूब. मामेभावाची मोटर कितीची होती ते मी मामीला सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही.

घरी करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी बाहेरच्या महागड्या सेटअप स्टेशनची गरज नाही. पहिली गोष्ट, सपाट पृष्ठभाग. स्वयंपाकघराचा ओटा सपाट वाटतो, पण नसतो (आणि आई तिथे टायर ठेवू देत नाही). काचवाल्याकडून जाड काचेचा एक तुकडा कापून घ्या, कडा घासून. त्यावर गाडी ठेवा, बॅटरी आत, बॉडी वर, म्हणजे शर्यतीत असते तशी. आता चॅसिस जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. कार्पेटवर पाच मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. मोजायला काय? पाच नंबरची एलन की. तिची जाडी पाच मिलिमीटरच असते, ती खाली सरकली पाहिजे, ना अडकून ना सैल. ही त्या फिटरची युक्ती. मला इतकी आवडली की मी ती सगळ्यांना सांगत सुटलेय.

मग बघायचं गाडी 'पिळलेली' आहे का. चॅसिसच्या पुढच्या टोकाला बरोबर मध्ये सुरीचं टोक लावून हळूच उचला. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी काचेवरून सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं, तर कुठेतरी पीळ आहे. स्क्रू वाकडा आवळलाय, एक शॉक दुसऱ्यापेक्षा लांब आहे किंवा बॅटरी एका बाजूला जड बसलीय. असली गाडी डावीकडे छान वळते आणि उजवीकडे भांडते. मामेभावाची होती. कारण निघालं एक स्क्रू, जो त्याने रागारागात जरा जास्तच पिळला होता.

कॅम्बर म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती कललंय. वरची बाजू एक ते दोन अंश आत, ही सुरुवात करायला चांगली जागा. सुताराचा गुण्या चाकाला लावला की कलणं डोळ्यांना दिसतं. पण खरं उत्तर टायर देतो. दहा-पंधरा मिनिटं चालवून टायर बघा. आतल्या कडेने जास्त झिजला असेल तर कॅम्बर जास्त झालाय, बाहेरून झिजला तर कमी आहे. स्वस्त किटमध्ये हे बदलायला स्क्रूवाल्या दांड्या वेगळ्या घ्याव्या लागतात. मोटरच्या आधी घ्यायची वस्तू ती. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकं समांतर आहेत की नाही. मागची थोडी आत वळलेली ठेवतात, दोन-तीन अंश, म्हणजे शेपूट शांत राहते. ड्रूप म्हणजे चॅसिस उचलल्यावर चाकं किती खाली लोंबतात. हे लोंबणं कमी केलं तरी कार्पेटवर गाडी कमी कलते. तेलाचे शॉक असतील तर त्यातलं सिलिकॉन तेल सेंटिस्टोकमध्ये मोजतात. कार्पेटवर ३५० ते ४५० च्या आसपास सुरू करा आणि लगेच त्याला हात लावू नका, बाकीचं आधी.

गिअरचं मात्र जरा थांबून सांगते, कारण इथे सगळ्यांचा हात शिवशिवतो. मोटरवरचं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन, ते ज्याला फिरवतं ते स्पर. टीटी-०२ मध्ये किटमधला स्पर ७० दातांचा, पिनियन २२ चा आणि आतल्या गिअरचं प्रमाण २.६. सत्तर भागिले बावीस गुणिले दोन पूर्णांक सहा, म्हणजे ८.२७. मोटर सव्वाआठ वेळा फिरली की चाक एकदा. मामेभावाने पिनियन २५ चा लावला होता, म्हणजे ७.२८. कागदावर टॉप स्पीड वाढला. पण आमच्या साठ फुटी हॉलमध्ये टॉप स्पीड गाठायच्या आधीच भिंत येते! झालं काय, तर वळणातून बाहेर येताना गाडी जड आणि मोटर तापलेली. मोटरला बोट लावून दोन सेकंदही ठेवता येत नसेल तर गिअर चुकलाय, एवढं लक्षात ठेवा. २२ चा पिनियन परत लावल्यावर त्याचे लॅप सुधारले. म्हणजे पैसे घालून जे आणलं होतं ते काढल्यावर गाडी सुधारली.

आता त्या वहीबद्दल. आयटीआयवाल्याकडे एक शंभर पानी वही होती, कव्हरवर कुठल्यातरी बँकेचं कॅलेंडर चिकटवलेलं. प्रत्येक पानावर तारीख, कार्पेट कोरडं की दमट, काय बदललं, आधी पाच मिनिटांत किती लॅप, नंतर किती. आणि एक नियम: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही. बिघडली तरी तेच. बदलून फायदा नाही झाला तर मागच्या पानावर जाऊन सगळं होतं तसं करायचं. काही पानांवर नुसतं लिहिलं होतं, 'फरक नाही.' मला ती पानं सगळ्यात जास्त आवडली.

का ते सांगते. मी बारावीपर्यंत सायन्सला होते. आपण सगळ्यांनी जर्नल कशी लिहिलीत ते आपल्याला माहितीये. पेंड्युलमचा ग्राफ सरळ रेषेत यायला हवा, म्हणून आधी रेषा काढायची, मग तिच्यावरून रीडिंग. 'फरक नाही' असं कोणी जर्नलमध्ये लिहिलं असतं तर सरांनी ते परत लिहायला लावलं असतं. इंजिनीअरिंगला गेलेल्या मित्रमैत्रिणींना विचारलं तर तिथे हेच, फक्त जर्नल जाड. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या बॅचचं एकच व्हर्निअर कॅलिपर रीडिंग, व्हॉट्सअॅपवरून. चार वर्षांनी डिग्री हातात येते, पण मोजलेलं आणि मॅनेज केलेलं यातला फरक बोटांना कळलेला नसतो. कार्पेटवर रीडिंग मॅनेज होत नाही. तुम्ही वहीत काहीही लिहा, गाडी दुसऱ्या वळणावर उलटायची तर उलटतेच. सगळ्यांसमोर. वर हॉलमधली लहान पोरं टाळ्या वाजवतात.

मामेभाऊ हुशार आहे हो, टिंगल करण्यासाठी हे लिहीत नाहीये. बल क्षणाचं गणित त्याला परीक्षेत येतं, मार्कही आहेत. पण 'गाडी का उलटते' हा प्रश्न तेच गणित आहे हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. आणि आपल्याकडे आयटीआयच्या मुलाने इंजिनीअरिंगच्या मुलाला काही दाखवावं अशी सोयही नाही. दोघं एकाच लोकलने जातात, एकाच एमआयडीसीत नोकरी शोधतात, पण बोलत नाहीत.

जगात हा खेळ गंभीरपणे खेळणाऱ्यांनी मोटरचा मोह ओळखलाय. टूरिंग कारच्या लोकप्रिय 'स्टॉक' वर्गात मुद्दाम मर्यादा असते. सगळ्यांना १७.५ किंवा २१.५ टर्नची, म्हणजे तुलनेने संथ, ब्रशलेस मोटर. स्पीड कंट्रोलरही अशा मोडमध्ये ठेवायचा की तो इलेक्ट्रॉनिक करामती करून मोटरला जास्त पळवणार नाही. हा मोड चालू असला की कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो, म्हणून त्या शर्यतींना 'ब्लिंकी' म्हणतात. निकाल लागतो तो पाच मिनिटांतल्या लॅपवर, एका फास्ट लॅपवर नाही. मोटर सारखी, बॅटरीचे व्होल्ट सारखे, टायर बहुतेकदा एकाच कंपनीचे. मग उरतं काय? सेटअप आणि बोटं.

त्यांचा अजून एक नियम मला मनापासून आवडतो. तुमची शर्यत संपली की तुम्ही घरी जायचं नाही. पुढच्या शर्यतीत तुम्ही वळणावर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. मार्शलिंग. आत्ता ज्याने तुम्हाला हरवलं त्याचीही. आमच्या हॉलमध्येही आम्ही हा नियम लावला. मला एकाने विचारलं, "तू पण चालवणार की फक्त मार्शल?" मी पण चालवते. १८ लॅप. हसू नका.

आता तुमच्या मनातले आक्षेप. पहिला, खेळण्यांशी खेळायचं वय आहे का? मासामी हिरोसाका नावाच्या जपानी ड्रायव्हरने या खेळात १४ जागतिक विजेतेपदं मिळवलीत, त्याला कोणी हे विचारलं असेल का माहीत नाही. माझ्या मावशीने मला मात्र विचारलं.

दुसरा आक्षेप खरा आहे, पैसे. गाडी, रिमोट, बॅटरी, चार्जर धरून हॉबी ग्रेडचा सगळा संच वीस हजारांच्या पुढे सहज जातो. ज्या घरात मुलाच्या फीचे हप्ते चालू आहेत तिथे हे बोलणंही चुकीचं. म्हणून तर म्हणतेय की एकट्याने घेऊ नका. चौघांत एक गाडी घ्या, एक चालवेल, एक लॅप मोजेल, एक मार्शल, एक वही. नाहीतर लहान स्केल बघा. क्योशो कंपनीने १९९९ मध्ये मिनी-झी काढली तेव्हापासून तळहातावर मावणाऱ्या गाड्यांच्याही शर्यती होतात. त्यांना घराची बैठकीची खोलीसुद्धा पुरते, आणि त्याच मापाच्या बऱ्याच स्वस्त गाड्या आता मिळतात. सेटअपचं तत्त्व तेच. आणि एवढा हिशोब करणाऱ्याला मोटरवर अजून काही हजार घालवू नका हे सांगावं लागतं, तीच माझी तक्रार आहे.

तिसरा, बॅटरी. इथे मी कुणाशी वाद घालणार नाही, कारण काळजी करणाऱ्याचं बरोबर आहे. लिपो बॅटरी नीट वागवली नाही तर पेटते. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. ४००० एमएएचची असेल तर चार अँपिअरच्या वर चार्ज करायची नाही. ठेवून द्यायची असेल तर पूर्ण भरून नाही, सेलमागे ३.८ व्होल्टवर, चार्जरमध्ये त्याचा पर्याय असतो. फुगलेली बॅटरी 'चालतेय ना' म्हणून वापरायची नाही. आणि ती न जळणाऱ्या पिशवीत ठेवा, संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये सॅकच्या तळाशी स्टीलच्या डब्याखाली चेंगरू नका.

खरी अडचण मला चौथी वाटते, आणि ती कोणी बोलत नाही. जागा.

सामान आपल्याकडे आहे. कार्पेट कुठल्याही मंडप डेकोरेटरकडे भाड्याने मिळतं. ते रेसिंगचं नाही, पातळ असतं, त्याचे धागे अॅक्सलला गुंडाळतात आणि दर दोन फेऱ्यांनी जुन्या टूथब्रशने काढावे लागतात, पण पकड देतं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फोमचे तुकडे मिळतात, ट्रॅकच्या कडेला लावले की भिंत आणि गाडी दोन्ही वाचतात. बॅटरीचा कनेक्टर सुटला तर कॅम्पातला मोबाइल रिपेअरवाला तुम्ही चहा संपवायच्या आत डाग देऊन देतो. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींमध्ये येऊन पडलेल्या लोकांनी उभं केलेलं ते शहर आहे. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, या जोकवर आपण सगळे हसलोय. पण वस्तू खोलून बघायची आणि परत जोडायची भीती ज्यांना नाही अशी माणसं तिथे गल्लोगल्ली आहेत. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत लेथवर मिलिमीटरचे भाग पाडणारे हात आहेत. हे सगळं लोकलच्या चार स्टेशनांच्या आत.

आणि हॉलही आहेत! सोसायट्यांचे, समाजमंदिरांचे, कॉलेजांचे. पावसाळ्यात चातुर्मासामुळे लग्नं कमी, त्यामुळे ते आठवडाभर कुलूपबंद. आम्ही तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी सांगितलं की वाढदिवस असेल तर देतो. एका कॉलेजच्या फेस्ट कमिटीतल्या मित्राला म्हटलं, डीजेच्या बजेटमधून एक दिवसाचं कार्पेट दे. तो म्हणाला रोबो रेस आहे की आमची, लोखंडी अडथळ्यांवरून. ती असू दे ना. पण तिथेही जिंकतो तो सगळ्यात दांडगी मोटर लावणारा, आणि शर्यत संपल्यावर बॉट पोत्यात जातो ते पुढच्या वर्षीपर्यंत. दर आठवड्याला चार तास एक रिकामा हॉल मिळाला तर त्यातून जे शिकायला मिळेल ते वर्षातून एकदा होणाऱ्या फेस्टमधून मिळणार नाही. कॉलेजांच्या विज्ञान मंडळांनी, जिमखान्यांनी हे करून बघावं. वर्कशॉपचं कुलूप आयटीआयने रविवारी उघडलं तर अजून छान. खर्च कार्पेटच्या भाड्याचा. ट्रॉफी नको, सेटअपची वही सगळ्यांनी एकमेकांना दाखवायची एवढीच अट ठेवा.

आमच्या सोसायटीत हे सोपं गेलं असं समजू नका. पहिल्या रविवारी आम्ही कार्पेट सरकू नये म्हणून खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. रात्री ती काढताना फरशीवर जो गोंद राहिला तो रॉकेल लावून खरवडताना अकरा वाजले. सेक्रेटरी काका खुर्ची टाकून समोर बसले होते, एक शब्द न बोलता. मामेभाऊ, फिटर आणि मी, तिघं गुडघ्यांवर. तेव्हा त्या दोघांचं पहिल्यांदा धड बोलणं झालं, गोंदावर कोणतं सॉल्व्हंट चालेल या विषयावर.

दुसऱ्या दिवशी काकांनी अटी सांगितल्या. टेप बंद, कडेने वाळूच्या पिशव्या ठेवा. फेविक्विक हॉलच्या बाहेर लावा. बॅटरी चार्ज होत असताना एक जण तिथे बसलाच पाहिजे. नऊ वाजता कार्पेट गुंडाळलेलं हवं. आणि त्यांच्या सातवीतल्या नातवाला एक फेरी.

येत्या रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आहे, त्यामुळे अंबरनाथवाला रिक्षाने येणार. त्याने काल वहीतलं शेवटचं पान फोटो काढून पाठवलं, 'मागचा डावा टायर आतून जास्त झिजतोय, उजवा नाही. का?' मामेभावाने ते वाचलं आणि माझ्याकडे गुण्या मागितला. आमच्याकडे नाहीये. कुणाकडे असला तर रविवारी घेऊन या, संध्याकाळी पाचला, बदलापूर पूर्व. चपला दाराबाहेर काढायच्या, कार्पेट भाड्याचं आहे.